फ्रँकोनिया स्कल्प्चर पार्कची रेसिडेन्सी, उघड्यावरच्या कामाबद्दल सल्ला हवाय

भट्टीवाली:
नमस्कार मंडळी. जेजेतून शिल्पकला केली, आता पुण्यात छोटा स्टुडिओ आहे, काम बहुतेक एमएस (साधं पोलाद) आणि भंगारातलं. मिनेसोटातल्या फ्रँकोनिया स्कल्प्चर पार्कच्या रेसिडेन्सीला अर्ज करायचं चाललंय. १९९६ पासूनची जागा, पन्नासेक एकर माळ, कलाकार तिथेच राहतात नि उघड्यावर सगळ्यांसमोर काम करतात. डोक्यात बारा फुटी कणगी आहे, सळ्या नि पत्र्याची, आत माणूस उभा राहील अशी. पण आजवर जे केलं ते सगळं छपराखालीच राहिलंय त्यामुळे बाहेर ठेवायच्या कामाला वेगळं काय बघावं लागतं? आणि नंतर शिल्पाचं काय होतं, परत आणायचं भाडं मला झेपणार नाही. आणि लोखंड कापायचा-घासायचा घरचा ग्राइंडर नेऊ का?

गोठलेला_कोकणी:
मी मिनियापोलिसला असतो, पार्क तासाभरावर आहे, पोरांना घेऊन जातो कधीमधी, तिकीट नाही. उन्हाळ्यात बघून भुलू नका, इथे जानेवारीत उणे वीस सेल्सियसचं कुणाला नवल नाही. पोकळ पाइपात पाणी शिरून गोठलं की ते फुगतं आणि वेल्ड फाडतं, तेव्हा प्रत्येक पोकळ भागाला सगळ्यात खाली भोक ठेवायचंच. जमीन पण गोठून वर उचलली जाते, या भागात घराचा पाया साडेतीन फुटांखाली न्यावा लागतो तो त्यापायीच. तुमच्या कणगीचं बूड कशावर बसणार ते आधी विचारून घ्या.

लोखंडी_चणे:
ग्राइंडर अजिबात नको, तिकडे १२० व्होल्ट, आपला २३० चा नुसता कण्हेल. शिवाय पत्रा, बोल्ट सगळं इंचात, तेव्हा ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये केलंस तर दुकानात उभी राहून गुणाकार करत बसशील.
मूळ मुद्दा नंतरचा. सगळ्या पार्कात काम कायम राहतं असं नाही गं. न्यूयॉर्कचं सॉक्रेटिस पार्क घे, शिल्पकार मार्क दी सुवेरोने १९८६ मध्ये कचरा टाकायच्या जागेवर उभं केलेलं, तिथे फेलोशिपची कामं प्रदर्शन संपलं की उतरतात. उलट न्यूयॉर्क राज्यातल्याच स्टॉर्म किंग या शिल्पपार्कात अँडी गोल्ड्सवर्दी या कलाकाराची २,२७८ फुटांची दगडी भिंत तिथेच आहे, पण ती पार्कनेच करवून घेतलेली. तेव्हा किती काळ ठेवणार, उतरवायचा खर्च कुणाचा, कुणीच नेलं नाही तर काय, हे लेखी घे. माझ्या मते कणगी चार फाकांत कर, कडांना फ्लँज (भोकं पाडलेली पट्टी) लावून बोल्टने जोडलेली, म्हणजे सुटी करून दुसरीकडे देता येईल. निदान क्रेनवाल्याचे तास तरी वाचतील.
आणि आत माणूस उभा राहील म्हणतेस म्हणजे पोरं वर चढणारच, पत्र्याच्या कडा दुमडून घे.
व्हिसाचं त्यांच्याशीच बोल, मानधन असेल तर साध्या टुरिस्टवर भागेल असं धरून चालू नकोस.

गोठलेला_कोकणी:
अजून एक, अर्जात कणगी म्हणजे गावाकडची आठवण वगैरे लिहू नका प्लीज, तसे अर्ज पोत्याने येत असणार. मिनियापोलिस एकेकाळी अमेरिकेतलं सगळ्यात मोठं पिठाच्या गिरण्यांचं शहर होतं, नदीकाठी जुनी गिरणी अजून उभी आहे, आणि शहराबाहेर पडलात की शेताशेतात नालीदार पत्र्याची गोल कोठारं दिसतात, म्हणजे त्यांची कणगीच ती! तुमची त्यांच्याशेजारी उभी केली की काय होईल, ते लिहा.

भट्टीवाली:
हे भारीये, हा अँगल डोक्यातच नव्हता. भोकं आणि फ्लँज आजच ड्रॉइंगमध्ये टाकते. पण मग आत खरोखरचा मका भरला तर?

लोखंडी_चणे:
भर की. पहिल्या आठवड्यात खारी येतील, पावसानंतर बुरशी, मग पार्कवाल्यांचा ईमेल. त्यांना आधी विचार.