झेड-४ चा आवाज पहाटे कमी आणि घाटात जास्त, अशी सोय करता येते का?

कोथरूडचा_रविवार

मंडळी, गाडी २०११ ची बीएमडब्ल्यू झेड-४ एसड्राइव्ह ३५ आय, सेकंडहँड. घेऊन आठ महिने झाले. तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो. आवाज ऐकूनच घेतली, हे आधीच कबूल करतो.

दर रविवारी पावणेसहाला ताम्हिणीकडे निघतो. आमचं पार्किंग तिन्ही बाजूंनी बंद आणि वर पहिल्या मजल्याच्या बेडरूम. बटण दाबलं की कोपऱ्यातल्या स्कूटरचा अलार्म वाजायला लागतो, शपथ. वरच्या काकूंकडे सात महिन्यांची नात आलीय. काकू भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मागच्या रविवारी गॅलरीतून नुसतं विचारलं, "निघालास का रे?" तेव्हापासून मी गाडी न्यूट्रलला टाकून वॉचमनच्या मदतीने गेटपर्यंत ढकलत नेतो. दीड टन वजन आहे, आणि वॉचमनला दर वेळी चहा लागतो.

एका दुकानाने व्हॉल्व्हवाला मफलर (सायलेन्सर) सुचवलाय. रिमोटवर उघडझाप, पूर्ण स्टेनलेस, फिटिंगसकट १ लाख ३५ हजार. बंद केल्यावर खरंच शांत होतो का? शिवाय हायवेला शंभरच्या वेगात कानात एकसारखं घूंऽऽ होतं, ते जाईल का? कुणी बसवला असेल तर सांगा.

नियमावर_बोट

बसवण्याआधी एवढं वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने ज्या तपशिलावर गाडी मंजूर करून घेतली त्यात परस्पर बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं आहे. आवाजासाठी कलम १९०(२): पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने बाद. रिमोट खिशात असला म्हणून सायलेन्सर कंपनीचा होत नाही. चौकात पकडलेले बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात ते पाहिलं असेलच.

आणखी एक. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा. तुमचे पावणेसहा रात्रीतच मोडतात. निवासी भागाला तेव्हा मर्यादा ४५ डेसिबल. काकू सज्जन आहेत.

उद्यमनगरचा_वेल्डर

भावा, थांब. पैसे देऊ नको अजून. बावीस वर्षं सायलेन्सर जोडायलोय कोल्हापुरात, त्यामुळं एक विचारतो. तुझ्या गाडीला फ्लॅप कंपनीचाच असतो, माहीत हाय का?

टॉर्च घे आणि मागच्या दोन्ही नळ्यांच्या तोंडात मार. एका नळीत आत चकती दिसंल, फुलपाखरासारखी, मधल्या दांडीवर फिरणारी. मफलरच्या वर एक छोटा गोल डबा असतो, त्याला रबराची बारीक नळी. इंजिनवरचा पंप व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, तयार करतो, तो नळीतनं डब्यात गेला की आतला पडदा ओढला जातो आणि चकती बंद. गाडी शांत. व्हॅक्यूम सुटला की स्प्रिंग चकती उघडती. गाडी बोलाय लागती. कधी बंद, कधी उघडी, ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो.

आता गंमत बघ. नळी तुटली, तडकली किंवा कुणी काढून ठेवली, तर चकती कायम उघडीच. ह्या गाड्यांची नळी काढून तिच्यात खिळा ठोकायची हौस लई जणांना असती, फुकटात आवाज मिळतो म्हणून. तू ज्या आवाजाच्या प्रेमात पडलास तो कंपनीचा हाय का मागच्या मालकाचा, ते आधी बघ.

तपासायला मेडिकलमधनं ५० मिलीची सिरिंज आण, वीस-पंचवीस रुपयाला मिळती. इंजिन बंद आणि मफलर गार पाहिजे. डब्याच्या तोंडाला नळीचा तुकडा लावून सिरिंज ओढ. दांडी आत गेली आणि मिनिटभर तिथंच राहिली तर पडदा चांगला. हळूहळू परत आली तर पडदा फाटलाय. हललीच नाही तर दांडी गंजून बसलीय.

कोथरूडचा_रविवार

दादा, तुमच्या पाया पडायला कोल्हापूरला येतो.

काल मित्राच्या गॅरेजमध्ये रॅम्पवर घेतली. नळी होती, पण डब्याला जोडलेली नव्हती. टोक दुमडून केबल टायने बांधलेलं, आत लाकडाचा स्क्रू आणि वरून एम-सीलचा गोळा. त्या गोळ्यावर अंगठ्याचा ठसाही स्पष्ट उमटलाय. मागचा मालक 'गाडी एकदम स्टॉक आहे, कंपनीतून आली तशी' असं तीनदा म्हणाला होता, तो हाच अंगठा.

सिरिंज लावली. पहिल्या ओढीला काहीच नाही. दांडीवर गंज सोडवायचा स्प्रे मारून वीस मिनिटं थांबलो, हाताने चारदा मागंपुढं केली, मग कर्र करून गेली आणि राहिली. नळीचं दुमडलेलं टोक चिरलं होतं म्हणून दोन इंच कापून नव्या तुकड्याने जोडली. गाडी चालू केली तर दांडी आपोआप आत! मी आणि मेकॅनिक रॅम्पखाली उभे राहून त्या दांडीकडे बघत हसत होतो.

फोनवरच्या अॅपने मोजलं. नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशात, त्याच जागी दोन्ही वेळा. आयडलला, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू ठेवून, चकती उघडी असताना ७९ डेसिबल, बंद असताना ७१. अॅपचा आकडा खरा नसेल, पण फरक तरी खरा असावा. आता मला लोभ सुटलाय. घाटात हवं तेव्हा उघडता येईल का?

म्युनिकवासी

फरकापुरतं अॅप चालतं. आठ-दहा डेसिबल म्हणजे कानाला जवळपास निम्मा आवाज. फोर्डने २०१८ च्या मस्टँगमध्ये शांतपणे चालू व्हायची सोय दिली, तीही साधारण दहा डेसिबलचीच: ८२ वरून ७२. ती कल्पना निघाली कशी, तर त्यांच्याच एका अभियंत्याच्या शेजाऱ्याने गाडीच्या आवाजाला कंटाळून पोलीस बोलावले होते. काकूंच्या बाबतीत तुम्ही नशीबवान.

उघडण्याबद्दल: व्हॅक्यूमच्या नळीत तीन तोंडांचा १२ व्होल्टचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, बसतो. करंट नसताना तो कंपनीची लाइन सरळ डब्याला जोडतो. करंट दिला की डबा बाहेरच्या हवेला उघडतो आणि चकती मोकळी होते. हा क्रम उलटा करू नका. स्विच बिघडला, फ्यूज उडाला तरी गाडी कंपनीसारखी वागली पाहिजे. हवेच्या तोंडाला छोटा फिल्टर लावा, नाहीतर धूळ आत जाते. सामान चार-पाच हजारांत येतं. पण रस्त्यावर तोही बदलच, वर लिहिलंय ते त्यालाही लागू. इथे जर्मनीत गाडीच्या कागदावरच उभ्या गाडीचा आवाज आणि तो कुठल्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर) मोजला ते छापलेलं असतं. पोलीस मीटर घेऊन तेवढ्यावर मोजतात, वाद संपला.

घूंऽऽ चं गणित सोपं आहे. तुमच्या गिअरबॉक्सला सातव्यात शंभरला साधारण २१०० आरपीएम पडतात. सहा सिलिंडर, चार स्ट्रोक, म्हणजे एका फेऱ्यात तीन स्फोट: सेकंदाला १०५. हे १०५ हर्ट्झ केबिनला पकडतं. ते मारायला एक बाजूला बंद असलेली नळी पाइपला जोडतात, लांबी त्या आवाजाच्या तरंगाच्या पाव. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला ४०० ते ४८० मीटर धरला तर नळी एक मीटरच्या आसपास येते. तिथून परतलेला तरंग मूळ तरंगाला उलटा भिडतो आणि दोघं एकमेकांना खातात. पण झेड-४ च्या पोटात मीटरभर नळीला जागा शोधणं हे वेगळंच दुखणं. आधी चकती बंद ठेवून हायवेला जाऊन या.

उद्यमनगरचा_वेल्डर

बरोबर बोलला. ती नळी मी जोडतो तेव्हा जरा लांबच ठेवतो आणि गाडी पळवून पळवून कापतो. कापलेलं जोडायला परत वेल्डिंग. गणित वहीत असतं, पाइपात गरमी कुठं किती हे पाइपालाच माहीत.

आणि गार इंजिन चालू केल्यावर पहिलं मिनिटभर आयडल वरच राहणार, हजार-बाराशेला. ते धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला असतं. चकतीनं तो आवाज कमी होतो, जात नाही. त्या मिनिटात अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नको.

कोथरूडचा_रविवार

एक्सप्रेसवेला लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो. घूंऽऽ ऐंशी टक्के गेलं. बायको पहिल्यांदा गाडीत झोपली. सोलेनॉइड तूर्त नाही घेत. आहे त्या चकतीला कॉम्प्युटर ताम्हिणीत जोर दिल्यावर स्वतःच उघडतो, हे मला आठ महिने माहीतच नव्हतं, कारण ती कायमच उघडी होती. वॉचमनचा चहा मात्र चालूच ठेवावा लागणार असं दिसतंय.

एक नवीनच सुरू झालंय. १८०० आरपीएमला मागून पत्रा थरथरल्यासारखा आवाज येतो, फक्त चकती बंद असताना. आधी मोठ्या आवाजात दबून जात असावा.

उद्यमनगरचा_वेल्डर

मफलरवरच्या हीट शील्डचा, म्हणजे गरमी अडवणाऱ्या पत्र्याचा, बोल्ट. गंजून भोक मोठं झालं असंल. मोठा वॉशर टाक, दहा रुपयाचं काम. नाही गेला तर दांडीचा बुश (दांडी ज्यात फिरती ती कडी) सैल झालाय, फोटो टाक.