स्वित्झर्लंड : बाबांना पॉवरहाऊस आतून बघायचंय, माहिती हवी

नमस्कार मंडळी,

जूनच्या शेवटी आई-बाबांना घेऊन बहिणीकडे झुरिकला चाललोय. बाबा कोयनेच्या पोफळी वीजघरातून निवृत्त झालेत. वय ७४, डावा गुडघा कुरकुरतो. टिटलिस, युंगफ्राऊ अशी यादी दाखवली तर म्हणाले, "बर्फ तुझ्या आईला दाखव. मला मशीन दाखव."

शोधायला बसलं की पहिलं नाव येतं ग्रांद दिक्सांसचं. उंची २८५ मीटर, जगातलं सर्वांत उंच ग्रॅव्हिटी (स्वतःच्या वजनावर पाणी अडवणारं) धरण. आपलं कोयना १०३ मीटर. उन्हाळ्यात गाइड भिंतीच्या पोटातल्या बोगद्यांतून फिरवतो. सगळं ऐकून घेतलं आणि बाबांचा प्रश्न, "आणि टर्बाइन?"

टर्बाइन तिथं नाहीतच. पाणी डोंगरातून खाली ऱ्होन नदीच्या खोऱ्यात नेलंय. तिथलं बियुद्रोनचं वीजघर १८८३ मीटर हेडवर चालतं, म्हणजे पाणी तेवढ्या उंचीवरून खाली येतं. पोफळीचं हेड पावणेपाचशेच्या आसपास, त्यामुळे हा आकडा त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "एवढ्या दाबाला पेनस्टॉक कधीतरी फुटला असणार." (पेनस्टॉक म्हणजे टर्बाइनकडे पाणी नेणारा जाड पाइप.) बघितलं तर खरंच, डिसेंबर २००० मध्ये फुटला होता. माणसं गेली, वीजघर नऊ-दहा वर्षं बंद. बाबा त्यावर काही बोलले नाहीत, चहा मागितला.

दुसरा पर्याय ग्रिम्सेल घाट. तिथे ग्रॅनाइटच्या पोटातलं वीजघर गाइडसोबत बघता येतं, शिवाय १९७४ मध्ये बोगदा खोदताना सापडलेली स्फटिकांची कपार आहे, तशीच जपून ठेवलेली. माझा कल इकडेच आहे.

कुणी आत जाऊन आलंय का? जिने किती चढावे लागतात? गाइड जर्मनच बोलतो की इंग्रजीत सांगणारा मिळतो? जूनअखेर घाट उघडलेला असतो का? आणि आईला बाहेर बसवून ठेवायला काही सोय? (ती आत येणार नाही. "तीस वर्षं शिफ्ट ऐकल्या, पुरे.")

प्रतिसाद १
ग्रिम्सेलच करा. घाट बहुतेक जूनमध्ये उघडतो, पण बर्फावर अवलंबून, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी रस्त्याची स्थिती बघा. खालच्या माइरिंगेन गावाहून पिवळी पोस्टबस वर जाते. बुकिंग करतानाच इंग्रजीचं आणि गुडघ्याचं सांगा, तिथे गेल्यावर ऐनवेळी काही होत नाही. भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो, स्वेटर न्याच. आई वर ग्रिम्सेलच्या जुन्या हॉटेलात तलाव बघत कॉफी पीत बसतील. जवळच गेल्मरची फ्युनिक्युलर (दोरानं ओढली जाणारी तिरकी रेल्वे) आहे, चढ १०६ टक्के, म्हणजे ४५ अंशांहून जास्त; मूळची धरणाच्या बांधकामासाठीची. सुरू आहे का ते आधी विचारा. गुडघ्याला त्रास नाही, काळजाला थोडा.

प्रतिसाद २
ऑस्ट्रियात जाणार असाल तर काप्रूनची धरणं. बस, मग उघडी तिरकी लिफ्ट, पुन्हा बस, असं करत २०४० मीटरवरच्या मोझरबोडेन तलावापर्यंत न चालता पोचता. पण झुरिकहून लांब पडेल, आणि तेवढ्यासाठी मी जाणार नाही.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही आभार. ग्रिम्सेल नक्की. उद्या बुकिंगचा फोन करतोय. बाबांनी आत्ताच बजावलंय, इंग्रजी गाइडचं नंतर विचार, आधी विचार तिथे टर्बाइन पेल्टन जातीचं आहे की फ्रान्सिस.