डेटनचं विमानसंग्रहालय : अर्धा दिवस पुरत नाही

ओहायो राज्यातल्या डेटनचं अमेरिकी हवाई दलाचं संग्रहालय कोलंबस शहरातून जाऊन अर्ध्या दिवसात उरकेल, असं कुणाला वाटेल. नाही उरकणार. चार अवाढव्य हँगर आहेत, विमानं-क्षेपणास्त्रं मिळून साडेतीनशेच्या वर. वेळ ९ ते ५, प्रवेश आणि पार्किंग दोन्ही फुकट.

बहुतेकांची चूक एकच: पहिल्या हँगरमध्येच तीन तास जातात. 'बॉक्सकार' (नागासाकीवर अणुबाँब टाकणारं बी-२९ बाँबफेकी विमान) आणि 'मेम्फिस बेल' (दुसऱ्या महायुद्धातलं गाजलेलं बी-१७ बाँबफेकी विमान) तिथंच असल्याने पाय निघत नाही. मग २०१६ साली उघडलेल्या चौथ्यात पोचेपर्यंत पाय बोलायला लागतात. म्हणून सकाळी सरळ चौथा गाठा आणि उलटे या. जगात एकच उरलेलं एक्सबी-७० (प्रायोगिक स्वनातीत बाँबफेकी विमान) तिथंच आहे. शेजारी राष्ट्राध्यक्ष केनेडींचं विमान, आत शिरता येतं. मागच्या बाजूला नीट बघा: हत्येनंतर त्यांच्या शवपेटीसाठी खुर्च्या काढून आडभिंत कापली होती. आतली वाट मात्र फारच चिंचोळी. पाठीवरची सॅक पोटावर घ्या, व्हीलचेअरचा नाद नको.

फोटोंसाठी: आत उजेड मंद, त्यात विमानं एकमेकांना खेटून. झूम गाडीत राहू द्या, वाइड लेन्स घ्या.