मदत हवी आहे: मुलाला ग्लँड्युलर फीवर, कबड्डी पुन्हा कधी?

नमस्कार मंडळी. आम्ही वेंगुर्ल्याचे. मुलगा १९ वर्षांचा, रत्नागिरीला हॉस्टेलवर असतो. तीन आठवड्यांपूर्वी अंगात ताप घेऊनच घरी आला. घसा इतका धरलेला की पेजसुद्धा गिळवेना. टॉन्सिल्सवर पांढरा थर, मानेला दोन्ही बाजूंनी जांभळाएवढ्या गाठी.

पावसाचे दिवस, म्हणून आधी डेंग्यू नि लेप्टोची तपासणी केली. दोन्ही नाही. मध्ये एका दवाखान्यात अमॉक्सिसिलिन दिलं, तर अंगभर लाल पुरळ उठलं. माझे हातपायच गळाले. शेवटी रक्तात ग्लँड्युलर फीवर निघाला. तो एप्स्टाइन-बार विषाणूमुळे होतो, अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही आणि या आजारात त्या गोळ्यांनी असं पुरळ बऱ्याचदा येतं, हे तेव्हा कळलं.

लाळेतून पसरतो. लक्षणं दिसायला ४ ते ६ आठवडे जातात, त्यामुळे कुणाच्या बाटलीतून आला हे शोधत बसले नाही.

आता ताप गेलाय, पण पडवीतून परसापर्यंत गेला तरी दमून बसतो. प्लीहा (पोटात डावीकडे असते ती, स्प्लीन) सुजलीय. मार लागला तर ती फुटू शकते, म्हणून डॉक्टरांनी कबड्डी बंद ठेवलीय. हा मात्र पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेसाठी हट्ट धरून बसलाय, रोज वाद.

तुमच्या घरी कुणाला झाला होता का? थकवा किती दिवस राहिला? मैदानात उतरण्याआधी पुन्हा सोनोग्राफी केलीत का? घरात सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. ताट-पेला वेगळा ठेवलाय, तो किती दिवस ठेवावा? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.