अनुभव धागा : तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी शैक्षणिक हँडहेल्ड गेम (हातात धरून खेळायचं छोटं यंत्र) घेताना काय पाहावं?

अक्षरं, अंक, तर्कबुद्धी, स्मरणशक्ती. हे चार शब्द नाहीत असं या प्रकारातलं खोकं शोधून सापडणार नाही. त्यामुळे खोकं वाचून निवड होत नाही, यंत्र हातात घेऊनच करावी लागते. लहान मुलांना शिकवणारे, ही यंत्रं उघडून दुरुस्त करणारे, मुलांच्या हातांचा आणि आरोग्याचा अभ्यास असणारे असे सगळे इथे आहेत. कृपया नेमकं लिहा : काय तपासायचं, कसं तपासायचं, काय बिघडतं आणि का.

सुरुवात मी करते. यंत्र कुठलंही असो, आधी तीन गोष्टी करून बघा.

एक, पडद्याकडे न बघता दोन मिनिटं कुठेही दाबत राहा. तरीही खेळ पुढे सरकत असेल, टाळ्या वाजत असतील, तारे मिळत असतील, तर त्या खेळाला उत्तराशी देणंघेणं नाही. मुलाला हे मोठ्यांच्या आधी कळतं आणि मग ते फक्त दाबत सुटतं.

दोन, एकाच प्रश्नाला मुद्दाम तीनदा चुकीचं उत्तर द्या. चांगला खेळ पहिल्या चुकीला प्रश्न पुन्हा ऐकवतो, दुसऱ्या चुकीला एखादा पर्याय कमी करतो, तिसऱ्यांदा बरोबर उत्तर दाखवतो आणि थोड्या वेळाने तोच प्रश्न परत आणतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं १९७८ सालचं 'स्पीक अँड स्पेल' जरा मोठ्या मुलांसाठी होतं आणि त्याला चित्रांचा पडदा नव्हता, पण पहिल्या चुकीला 'पुन्हा प्रयत्न कर' आणि दुसऱ्या चुकीला बरोबर स्पेलिंग ऐकवणं त्याला येत होतं. आज रंगीत पडदा असूनही जे यंत्र नुसता 'टँऽ' करून गप्प बसतं, ते घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तीन, काहीही न दाबता वीस सेकंद थांबा. दर तीन-चार सेकंदांनी 'चल, लवकर!' असा घोशा लावणारा खेळ मुलाला विचार करू देत नाही. शांतपणे एकदा प्रश्न ऐकवून वाट पाहणारा हवा.

हे करताना आवाजांकडेही कान द्या. चुकल्यावर 'बोंइंग!' असा गमतीदार आवाज आणि बरोबर आल्यावर साधी 'टिंग' असेल, तर मुलं मुद्दाम चुकतात. त्या वयाला तो आवाज हेच बक्षीस असतं. शाबासकीची नाचगाणी प्रश्नापेक्षा जास्त वेळ चालत असतील तरी तेच होतं.

बालवाडीत शिकवणाऱ्या ताई

तुमच्या तिन्ही चाचण्यांशी सहमत. त्यांत खेळातल्या मजकुराचं थोडं घालते.

मोजणीचे बहुतेक खेळ म्हणजे चेंडूवर बोट ठेवलं की यंत्र 'एक, दोन, तीन' म्हणतं. यात मोजतं यंत्र, मूल फक्त बोट ठेवतं. शेवटी 'मग एकूण किती?' असा प्रश्न येतो का ते बघा. त्याहून चांगला खेळ म्हणजे 'टोपलीत चार ठेव' म्हणणारा, कारण कुठे थांबायचं ते मुलाला स्वतः ठरवावं लागतं. तीन वर्षांच्या मुलाला तीनपर्यंतच्या वस्तू न मोजता नजरेने कळू शकतात, खरी मोजणी चार-पाचपासून सुरू होते. म्हणून कायम तीनच्या आत खेळवणारा खेळ फार लवकर संपतो.

अक्षर गिरवण्याचा खेळ असेल तर अक्षर मुद्दाम खालून वर, उलट दिशेने गिरवून बघा. यंत्राने 'छान!' म्हटलं तर ते फक्त ठिपके पुसले गेले का एवढंच तपासतंय. चुकीच्या दिशेची सवय हाताला एकदा लागली की सोडवायला फार वेळ जातो. असा खेळ नसलेला बरा. देवनागरी असेल तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत का आणि 'ळ' आहे का, एवढं नजरेखालून घाला.

पर्याय किती दाखवतात तेही महत्त्वाचं. तीन वर्षांच्या मुलाला दोन किंवा तीन, पाच वर्षांच्या मुलाला चार पुरतात. तीन वर्षांच्या मुलासमोर सहा चित्रं ठेवली की ते ओळखत नाही, अंदाज मारतं. सूचना सगळ्या बोलून मिळाल्या पाहिजेत आणि 'पुन्हा ऐक'चं बटण कायम एकाच जागी हवं. वाचून निवडायचा मेनू असेल तर दर वेळी मोठं माणूस लागणार.

दुरुस्ती करणारे दादा

खेळ कसा आहे ते तुम्ही बघा, मी मागचं झाकण बघतो.

सेलच्या झाकणाला स्क्रू हवाच. नुसतं खाच दाबून सरकणारं झाकण असेल तर ते यंत्र लहान मुलाच्या घरात नको. स्क्रू आहे एवढ्यावरही थांबू नका, फिरवून बघा. प्लास्टिकमधले आटे गेले की स्क्रू नुसता गोल फिरतो आणि झाकण बोटाने उचकटतं. त्यावर चिकटपट्टी लावणं हा उपाय नाही. किंचित जाड किंवा लांब स्क्रू बसवावा, तो आतल्या सर्किटला टेकत नाही ना ते बघून.

दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत सगळ्यांत जास्त आढळतो तो गळलेला सेल. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि स्प्रिंगवर पांढरी भुकटी धरते. साफ करायची पद्धत : हातमोजे घाला, सेल काढा, कानकाडी व्हिनेगरमध्ये बुडवून पिळून घ्या आणि भुकटीवर फिरवा. बारीक फेस येईल, तो थांबेपर्यंत पुसा. मग पाण्याने ओलसर केलेली काडी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पूर्ण वाळल्याशिवाय सेल घालू नका. स्प्रिंग हिरवी पडून पातळ झाली असेल तर ती बदलावीच लागते.

गळतीचं एक मोठं कारण म्हणजे नवे-जुने सेल एकत्र घालणं. जुना सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतात आणि तो फुटतो. चारही सेल एकदम, एकाच प्रकारचे बदला. महिनाभर यंत्र वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.

आतली चार्जिंगची बॅटरी असेल तर यंत्र सपाट टेबलावर ठेवून बघा. डुगडुगलं किंवा पाठीची फट रुंदावली असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद, टोचायचं नाही, दाबून बसवायचं नाही. आणि चार्जिंगला लावलेलं असताना मुलाला खेळू देऊ नका. वायर ओढली जाते आणि चार्जिंगचं सॉकेट बोर्डावरून सुटतं, ही दोन नंबरची तक्रार.

टच पडद्याचे दोन प्रकार येतात. जुन्या यंत्रांत दाबाने चालणारा असतो, त्यावर पेन किंवा नख लागतं. नव्यांत बोटाच्या स्पर्शाने चालणारा, तिथे मूल तळहात टेकवून लिहायला लागलं की यंत्र गोंधळतं. दाबाचा पडदा कालांतराने सरकतो, म्हणजे पेन एकीकडे आणि रेघ तीन-चार मिलिमीटर दुसरीकडे. चारही कोपऱ्यांत रेघ ओढून बघा. सेटिंगमध्ये फुलीवर पेन टेकवून जुळवायची सोय असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : रिचार्जेबल सेल चालतात का?

दुरुस्ती करणारे दादा : बहुतेकांत चालतात. साधा सेल १.५ व्होल्टचा, निकेल-मेटल हायड्राइडचा १.२ व्होल्टचा. चार सेलांचे ६ ऐवजी ४.८ व्होल्ट होतात, म्हणून काही यंत्रं भरलेले सेल घातले तरी 'सेल संपले' दाखवतात. खेळ नीट चालत असेल तर त्या चिन्हाकडे लक्ष देऊ नका. मात्र यंत्राच्या पुस्तिकेत मनाई असेल तर घालू नका.

बालरोग विभागात काम करणारी

नाण्याच्या आकाराच्या सेलबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. लिहायच्या एलसीडी पाट्या, छोटे रिमोट, आवाज करणारी पुस्तकं यांत तो असतो. २० मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेल गळायची गरजही नसते. ओल्या पेशींतून वीज वाहते आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होतं. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट रुग्णालयात नेऊन एक्स-रे काढा. सुरुवातीला मूल अगदी ठीक दिसू शकतं. वापरलेला सेलही धोकादायक असतो.

वेळेबद्दल : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तितकं चांगलं. शैक्षणिक यंत्रही त्या तासातच धरायचं. म्हणून तीन ते पाच मिनिटांत एक डाव संपणारे आणि बंद केल्यावर प्रगती जपून ठेवणारे खेळ घ्या. डाव अर्धवट तुटला की रडारड होते, ती टाळता येते.

आवाज सर्वांत कमी करूनही मोठा वाटत असेल तर स्पीकरच्या जाळीवर पारदर्शक चिकटपट्टीचे एक-दोन थर लावा, बराच फरक पडतो. पट्टी मुलाला सोलता येणार नाही अशी दाबून बसवा.

घरात जुनं निन्टेन्डो ३डीएस (चष्म्याशिवाय त्रिमितीय चित्र दाखवणारं हँडहेल्ड) पडून असेल तर एक लक्षात ठेवा : सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांनी त्रिमितीय पडदा वापरू नये, असं कंपनीनेच सांगितलं होतं. पॅरेंटल कंट्रोलमधून तो बंद करता येतो. २०१३ च्या २डीएसमध्ये तो मुळातच नाही.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट

वजन हा मुद्दा दुकानात कुणी बघत नाही. सेल घालून यंत्र मुलाच्या हातात द्या आणि दोन मिनिटं थांबा. कोपर पोटाला टेकले, यंत्र मांडीवर आलं, मान खाली गेली, तर ते त्या मुलासाठी जड आहे. दोन्ही बाजूंना पकड असलेलं, कडा गोल असलेलं यंत्र थोडं जड असलं तरी चालून जातं.

अंगठा बटणापर्यंत पोचतो का ते बघा, आणि पोचताना पकड सुटत नाही ना तेही. या वयात दोन बटणं एकदम दाबायला लावणारे खेळ नकोत.

पेन आखूड आणि जाड हवं. तीन वर्षांचं मूल पेन मुठीत किंवा चार बोटांत धरतं. तीन बोटांची पकड साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान पक्की होते. टूथपिकसारखं बारीक पेन दिलं की मूल ते घट्ट आवळतं आणि पडदा खरवडतो. पेनाला दोरी असेल तर ती कुठल्या बाजूला बांधली आहे ते डावखुऱ्या मुलांसाठी आवर्जून बघा. उजव्या कडेला बांधलेली आखूड दोरी पडद्यावर आडवी येते. मधोमध बांधलेली उत्तम.

जुनी यंत्रं जमवणारा

वापरलेलं घेणाऱ्यांसाठी. लीपफ्रॉग या कंपनीचं लीपस्टर २००३ चं, लीपस्टर २ हे २००८ चं. दोन्हींत एकच कार्ट्रिज (यंत्रात खोचायची खेळाची डबी) चालतात. २०१० च्या लीपस्टर एक्सप्लोररमध्ये मात्र ती जुनी कार्ट्रिज चालत नाहीत. नावं सारखी असल्यामुळे इथे हमखास फसगत होते. व्हीटेक या कंपनीच्या व्ही.स्माईल आणि मोबीगो या यंत्रांचंही तसंच, एकाचं कार्ट्रिज दुसऱ्याला नाही. म्हणून यंत्र आणि कार्ट्रिज एकत्र लावून, खेळ सुरू झालेला बघूनच घ्या.

कार्ट्रिज चालत नसेल तर त्यात फुंकर मारू नका, थुंकीतला ओलावा संपर्कपट्ट्यांवर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलची काडी एकाच दिशेने फिरवा आणि वाळू द्या.

खेळ नेटवरून उतरवून घ्यायची यंत्रं वापरलेली घेताना दहादा विचार करा. कंपनीने सेवा बंद केली तर यंत्रात जे आहे तेवढंच राहतं.

आणि 'चारशे खेळ एकात' छापाचे स्वस्त हँडहेल्ड खोक्यावर काहीही लिहिलेलं असलं तरी शैक्षणिक नव्हेत. आत जुने आठ-बिटचे उड्या मारायचे आणि गोळ्या झाडायचे खेळ असतात, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा.

माहिती-सुरक्षेत काम करणारी

यंत्र इंटरनेटला जोडावं लागत असेल तर खातं उघडण्याआधी थांबा. नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हीटेकच्या खेळ उतरवून घेण्याच्या सेवेतून सुमारे ४८ लाख पालकांची खाती आणि ६३ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी चोरीला गेल्या. त्यात मुलांची नावं आणि जन्मतारखाही होत्या. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेबरोबरच्या तडजोडीत कंपनीने साडेसहा लाख डॉलर भरायचं मान्य केलं.

त्यामुळे मुलाचं खरं नाव देऊ नका, टोपणनाव चालतं. जन्मतारीख मागितली तर वर्ष जवळपासचं द्या, दिवस-महिना कुठलाही. फोटो टाकू नका. पासवर्ड वेगळा ठेवा, बँकेचा किंवा ईमेलचा नको. खेळ उतरवून झाले की वायफाय बंद करा आणि ते बंद असताना खेळ चालू होतात का ते लगेच बघा. यंत्र दुसऱ्याला देताना फॅक्टरी रीसेट (आतली सगळी माहिती पुसणं) करा आणि खात्यातूनही ते यंत्र काढून टाका. नुसता रीसेट केला तर सर्व्हरवरची माहिती तशीच राहते.

प्रश्न : पडदा नकोच असेल तर?

बालवाडीत शिकवणाऱ्या ताई : खाचेत कार्ड सरकवलं की शब्द बोलणारी छोटी यंत्रं मिळतात आणि छापील पानावर टेकवलं की बोलणारी पेनं. कार्डाच्या यंत्रात तपासायचं ते असं : कार्ड तिरकं घातलं तर काय होतं? कार्डाच्या कडेवरच्या खुणा वाचून यंत्र शब्द ओळखत असेल तर कडा दुमडल्या की 'गाय'ला 'विमान' म्हणायला लागतं. जाड, गोल कोपऱ्यांची कार्डं घ्या. पेन घेणार असाल तर लक्षात ठेवा की ते त्याच कंपनीच्या पुस्तकांवर चालतं, कारण पानावर बारीक ठिपक्यांचा अदृश्यवत नमुना छापलेला असतो. म्हणून घेण्याआधी तुमच्या मुलाच्या वयाची किती पुस्तकं मिळतात ते बघा. पेनाचं टोक मळलं की ते वाचत नाही, कोरड्या मऊ कापडाने पुसायचं.

या यंत्रांची एक मर्यादा आहे. ती बोलतात, पण विचारत नाहीत. मुलाने चुकायला इथे जागाच नसते, त्यामुळे वरची तीनदा चुकण्याची चाचणी लावता येत नाही. प्रश्न आपणच विचारायचे. दोन कार्डं समोर ठेवायची, 'यातलं पाण्यात राहणारं कोण?' म्हणायचं, मुलाने निवडलेलं कार्ड यंत्रात घालू द्यायचं. पहिल्या दिवशी पूर्ण गठ्ठा देऊ नका, आठ-दहा कार्डं पुरे. बाकीची कपाटात ठेवून थोडी थोडी बदलत राहा.