मदत हवी आहे: ओपन ड्रायव्हरमध्ये कंपनीची बंद (सोर्स न दिलेली) ओ फाइल घ्यावी का?

नमस्कार मंडळी, डोकं पार भंजाळलंय म्हणून लिहितोय, लांबेल, सांभाळून घ्या.

मी आणि अजून दोघं मिळून दोन वर्षं एका यूएसबी वायफाय डोंगलचा लिनक्स ड्रायव्हर लिहितोय (चिप कुणाची ते विचारू नका). कंपनीकडे डेटाशीट (चिपची तांत्रिक माहिती) मागून मागून थकलो, मग विंडोजवर यूएसबी ट्रॅफिक पकडून चिपच्या कुठल्या रजिस्टरमध्ये (आतल्या छोट्या कप्प्यात) काय टाकलं की काय होतं हे रात्र रात्र बसून शोधलं. कोड जीपीएल २ खाली आहे (म्हणजे वाटायचा तर सोर्ससकट, असं खुलं लायसन्स). २.४ वर झकास चालतो, ५ गिगाहर्ट्झवर मात्र रडतो, कारण ट्रान्समिट पॉवरचं कॅलिब्रेशन (सिग्नल किती जोरात सोडायचा याची जुळणी) काही उलगडलेलं नाही.

तर मागच्या महिन्यात कंपनीच्याच एका इंजिनिअरचा पॅच आला, म्हटलं चला देव पावला, उघडून बघतो तर सोर्स चार ओळींचा आणि सोबत एक कम्पाइल केलेली ओ फाइल (नुसता मशीन कोड, वाचता न येणारा), ड्रायव्हर बांधताना मेकफाइलमधून त्यात जोडायची. स्पीड खरंच वाढला हो! सोर्स मागितला तर म्हणे रेडिओचे सरकारी नियम आहेत, देता येत नाही. आणि मॉड्यूल लायसन्सची ओळ (ड्रायव्हर कुठल्या लायसन्सखाली आहे ते कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगणारी) आमचीच, 'जीपीएल', तशीच ठेवलीये. मी ती प्रामाणिकपणे 'प्रोप्रायटरी' करून बघितली तर मॉड्यूल लोडच होईना, डीमेस्गमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'अननोन सिम्बॉल'ची, म्हणजे न सापडलेल्या फंक्शन्सची, रांग, पहिलंच यूएसबी रजिस्टर ड्रायव्हर.

आता एक मित्र म्हणतो घेऊन टाक, लोकांना स्पीड हवाय. दुसरा म्हणतो ती फाइल आली तर मी गेलो. वर हा पहिला मला ऐकवतो की विंडोजच्या ड्रायव्हरमधून काढलेली फर्मवेअरची बिन फाइल (डोंगलच्या आत चालणारा कंपनीचा बंद प्रोग्रॅम) तर आधीपासून आपल्या रेपोत (कोडच्या साठ्यात) आहे, तेव्हा कुठे गेलं होतं तुझं तत्त्व? यावर मला उत्तर सुचलं नाही. दोन्ही गोष्टी खरंच सारख्या आहेत का? जाणकारांनी सांगावं.

जुना_कर्नलवाला:
सारख्या नाहीत. फर्मवेअर डोंगलमधल्या प्रोसेसरवर चालतं, ओ फाइल तुमच्या कर्नलच्या पोटात चालते. ती कोसळली की मशीन कोसळणार आणि ऊप्स (कर्नलचा एरर रिपोर्ट) आला तरी आत काय झालं ते कळणार नाही. शिवाय कर्नलचे आतले इंटरफेस सतत बदलतात, आज लिंक होतेय ती पुढच्या व्हर्जनला होईलच असं नाही, आणि एक्स८६ प्रोसेसरसाठी दिलेली फाइल आर्म प्रोसेसरवर काय कामाची? तो 'अननोन सिम्बॉल' म्हणजे बिघाड नाही, यूएसबीची ती फंक्शन्स फक्त जीपीएल मॉड्यूलसाठीच खुली (एक्सपोर्ट) केलेली आहेत. ती ओळ जीपीएल ठेवून बंद फाइल घुसवणं म्हणजे सरळ खोटं बोलणं, आणि तुमच्या दोघा मित्रांचा कोडही जीपीएल खाली आहे, त्यांनाही विचारायला हवं ना.

रेडिओच्या नियमांचं कारण तर जुनंच आहे. ॲथेरॉस कंपनीच्या वायफाय चिपसाठी मॅडवायफाय नावाचा ड्रायव्हर होता, त्यात एचएएल नावाचा, चिपशी थेट बोलणारा असाच बंद तुकडा, कारण हेच. ओपनबीएसडी या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी स्वतःचा खुला एचएएल लिहिला, त्यावरून लिनक्सचा एटीएच५के ड्रायव्हर झाला आणि २००८ मध्ये कंपनीनं तो सोर्स स्वतःच खुला केला. कुठे आभाळ कोसळलं?

फक्त_वायफाय_हवं:
तुमचं तत्त्वाचं भांडण होईपर्यंत आम्ही लॅनची वायर ओढत फिरायचं का 😅

टर्मिनलकर:
बिन फाइलबद्दल मित्र चुकीचा नाहीये बरं का. ती वाटायची परवानगी कंपनीनं दिलीये का? नसेल तर आजच रेपोतून काढा, आणि त्याच्या हिस्ट्रीतूनही (जुन्या बदलांच्या नोंदींतूनही). बी४३ (ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपचा लिनक्स ड्रायव्हर) वाल्यांनी काय केलं, फर्मवेअर वाटलंच नाही, एफडब्ल्यूकटर नावाचं टूल दिलं, ज्याला हवं तो कंपनीच्या ड्रायव्हरमधून स्वतः कापून घेतो. त्याहून बरं म्हणजे कंपनीकडून फक्त वाटपाचं लायसन्स लिहून घ्या, मग लिनक्स-फर्मवेअर या सगळ्यांच्या सामाईक साठ्यात जाईल. डेबियन या लिनक्स वितरणानंसुद्धा २०२२ च्या मतदानानंतर नॉन-फ्री (बंद) फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घेतलं. कर्नलमधून बंद भाग काढून टाकणाऱ्या लिनक्स-लिब्रेवाल्यांना तेही चालत नाही, पण सगळ्यांना खूश करायला गेलात तर ड्रायव्हर राहील बाजूला.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. बिन काढली, हिस्ट्री साफ करताना दोन तास गेले. आणि एक गंमत, त्या ओ फाइलवर एनएम (आतली नावं दाखवणारं टूल) चालवलं तर आत फंक्शन एकच, बाकी सगळी आकड्यांची भली मोठी टेबलं! म्हणजे कोड असा नाहीच फारसा. ते फंक्शन डिसअसेम्बल करून (मशीन कोड उलगडून) बघू का?

जुना_कर्नलवाला:
थांबा, तुम्ही नका उघडू! बी४३ मध्ये एका गटानं कंपनीचा ड्रायव्हर वाचून नुसतं स्पेक (काय कसं चालतं याचं वर्णन) लिहिलं आणि दुसऱ्या गटानं ते स्पेक बघून कोड लिहिला, म्हणून कुणाला बोट दाखवता आलं नाही. तुम्ही ड्रायव्हर लिहिता, तुम्ही वाचायचं नाही. आणि टेबलंच असतील तर कंपनीला म्हणा तेवढी फर्मवेअरसारखी वेगळ्या फाइलमध्ये द्या, ड्रायव्हर ती रिक्वेस्ट फर्मवेअर या कर्नलच्या फंक्शननं उचलेल, ते एक फंक्शन आम्हीच लिहू.

धागाकर्ता:
हे भारी आहे. आत्ताच तसा मेल टाकला, सोबत वाटपाच्या लायसन्सचंही विचारलंय. पॅच तोवर बाजूला ठेवलाय, 'गेलो' म्हणणारा मित्र अजून गेलेला नाही.