चीन, १९४९ : गावातल्या माणसाला क्रांतीने काय दिलं?

रानवारा
१९४९ च्या कम्युनिस्ट क्रांतीआधी चीनमधलं कूळ अर्ध्याच्या आसपास पीक जमीनदाराला खंड म्हणून घालत असे. १९५० च्या कायद्याने त्याच कुळाच्या नावावर जमीन झाली. आणि १९५६ संपता संपता ती सामुदायिक शेतीत गेलीसुद्धा! १९५८ मध्ये कम्यून (अनेक गावांची मिळून सामुदायिक शेती आणि कारभार) आले, घरोघरच्या चुली विझवून सार्वजनिक खानावळी काढल्या, पोलादाच्या भट्ट्यांत लोकांच्या कढया वितळवल्या. पुढच्या तीन वर्षांत कमीत कमी दीड कोटी माणसं उपासमारीने गेली. कित्येक अभ्यासक तीन कोटी आणि त्याहून जास्त म्हणतात. ज्यांच्या जिवावर क्रांती झाली त्यांचाच हा घात होता, असं माझं ठाम मत आहे.

सई_क
असहमत. तुमच्या हिशेबात बाई कुठे आहे? लहानपणीच सासरी देऊन टाकलेल्या मुली, रखेली, विकलेल्या बायका हे १९४९ आधीचं रोजचं जगणं होतं. १९५० च्या विवाह कायद्याने हे सगळं बेकायदा ठरलं, बाईला घटस्फोट मागता आला. आधी सरासरी आयुर्मान ३५ च्या आसपास होतं, १९८० च्या सुमारास ते ६५ च्या पुढे गेलं. गावातल्याच मुलामुलींना काही महिने शिकवून 'अनवाणी डॉक्टर' केलं, त्यांनी लसी टोचल्या, बाळंतपणं केली. ही कमाई खोटी नाही.

गोदाकाठ
कमाई खरीच आहे, सईताई. पण दुष्काळाबद्दल बोलायलाच हवं. आमच्याकडे १९७२ ला आई खडी फोडायला जायची, सुकडी आणि मिलो (मदतीत मिळणारी लाल ज्वारी) खाऊन घर जगलं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. का? पेपरात छापून येत होतं, मोर्चे निघत होते, सरकारला कामं काढावीच लागली. चीनमध्ये १९५९ ला लुशानला भरलेल्या पक्षाच्या बैठकीवेळी खुद्द संरक्षणमंत्री पंग दहुआय यांनी सर्वोच्च नेते माओंना पत्र लिहून सावध केलं, तर त्यांचंच पद गेलं. हनान प्रांतातल्या शिनयांगमध्ये सरकारी कोठारात धान्य असताना माणसं मेली, गाव सोडून जाणाऱ्यांच्या वाटा अडवल्या. मंत्र्याची ही गत, तिथे शेतकरी काय तोंड उघडणार?

सई_क
मान्य, त्याचं समर्थन मी करणारच नाही. पण अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी वर्तमानपत्रांचा हा मुद्दा मांडला, तसंच हेही दाखवलं की चीनच्या तुलनेत भारतातला नेहमीचा मृत्युदर इतका जास्त होता, की त्या दुष्काळात गेले तितके जादा जीव इथे दर आठेक वर्षांत जात होते. त्यांच्यासाठी मोर्चे निघाले नाहीत.

रानवारा
मग शेतकऱ्यांनीच काय केलं ते बघा. १९७८ मध्ये आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावच्या १८ जणांनी चोरून करार केला: जमीन घरागणिक वाटून कसायची, कुणी पकडला गेला तर त्याची पोरं बाकीच्यांनी १८ वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. त्यावर अंगठे उमटवले. वर्षभरात पीक कित्येक पटींनी वाढलं.

सई_क
पीक वाढलं, आनंदच आहे. पण कम्यून मोडले तेव्हा त्यांच्या पैशावर चालणारी गावची आरोग्य योजनाही मोडली. ऐंशीच्या दशकात बहुतेक गावांत आजारी माणसाला पुन्हा पदरचे पैसे मोजावे लागले. शेतकऱ्याने जमीन परत मागितली होती, दवाखाना बंद करा असं कुणी म्हटलं नव्हतं.